पाकिटावरील एक ओळ

माझे वडील बंधु १९९७ सालीं वारले. आम्ही त्यांना दादा म्हणत असूं. पस्तीस वर्षें त्यांनीं सिगारेट ओढली, आणि फुफ्फुसाच्या कर्करोगानें ते गेले. तेराव्याच्या दिवशीं जेवणें आटोपल्यावर मंडळी बाहेरच्या खोलींत बसली होती. आमच्या आप्तांपैकीं एक वयोवृद्ध गृहस्थ सुपारी कातरतां कातरतां म्हणाले, “झालें तें वाईटच झालें, पण दोष द्यावयाचा कोणाला? पाकिटावर स्पष्ट लिहिलेलें असतेंच कीं!” त्या बोलण्यांत दुष्टपणा नव्हता. जगाचा एक साधा न्याय त्यांनीं बोलून दाखविला, इतकेंच. परंतु स्वयंपाकघराच्या दाराशीं उभ्या असलेल्या माझ्या वहिनींनीं तें ऐकलें आणि कांहीं न बोलतां त्या आंत गेल्या. मींहि उत्तर दिलें नाहीं. उत्तर मजजवळ नव्हतें.

श्रोतेहो, त्या उत्तराच्या शोधांत मी पुढें त्या पाकिटावरील ओळीचा इतिहास वाचूं लागलों. ती ओळ प्रथम कोणीं लिहविली, ती कशी घडली, आणि ती छापल्यानें कोणाचें ओझें हलकें झालें, हे प्रश्न मला पडले होते. हा इतिहास मुख्यतः अमेरिकेंतला आहे. कारण सिगारेटची जाहिरात आणि सिगारेटविरुद्धची जाहिरात यांचा सामना त्या देशांत उघड्या मैदानावर झाला. तो आज आपणांपुढें थोडक्यांत मांडण्याचा विचार आहे.

तंबाखूविरुद्ध उपदेश ही कांहीं नवी गोष्ट नव्हे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स यानें १६०४ सालींच तंबाखूचा निषेध करणारी पुस्तिका लिहिली होती. पण उपदेश वेगळा आणि पुरावा वेगळा. पुरावा पुढें आला तो १९५० सालीं. त्या एकाच वर्षीं अमेरिकेंत विंडर व ग्रॅहॅम यांनीं आणि इंग्लंडांत डॉल व हिल यांनीं रुग्णालयांतील शेंकडों रोग्यांची पद्धतशीर विचारपूस केली, आणि फुफ्फुसाचा कर्करोग व सिगारेट यांचा संबंध आंकड्यांनिशीं दाखवून दिला. १९५३ सालीं उंदरांच्या कातडीवर सिगारेटच्या धुरांतील डांबर लावलें असतां तेथें कर्करोगाच्या गांठी उठतात, असेंहि दिसून आलें. ही बातमी वर्तमानपत्रांत येतांच सिगारेट-कंपन्यांच्या शेअरांचे भाव घसरले.

तेव्हां कंपन्यांनीं काय केलें? त्यांनीं एक जाहिरात दिली. ४ जानेवारी १९५४ रोजीं अमेरिकेंतील चारशेंहून अधिक वर्तमानपत्रांत पानभर निवेदन झळकलें. त्यांत सिगारेटचें चित्र नव्हतें कीं सुंदर स्त्रीचें हास्य नव्हतें. लोकांचें आरोग्य ही आम्ही आमची मूलभूत जबाबदारी समजतों, धंद्यांतील इतर सर्व विचारांपेक्षां ती श्रेष्ठ मानतों, आमचा माल अपायकारक आहे असें आम्हांस वाटत नाहीं, आणि तरीहि संशोधनासाठीं आम्ही पैसा देऊं, अशा आशयाचा तो मजकूर होता. जबाबदारी हा शब्द या इतिहासांत असा प्रथम विक्रेत्यानें उच्चारला आहे, हें आपण लक्षांत ठेवावें. पुढें तो शब्द त्याच्या ओठांवरून हळूहळू नाहींसा होतो आणि गिऱ्हाइकाच्या माथ्यावर जाऊन बसतो. तो प्रवास हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

त्यानंतरचीं दहा वर्षें संशय जिवंत ठेवण्यांत गेलीं. “अद्याप सिद्ध झालेलें नाहीं,” एवढें वाक्य ओढणाऱ्यास पुरेसें होतें. कारण ज्याला सोडावयाचें नसतें त्याला पुराव्यापेक्षां पळवाटेची गरज अधिक असते. ती वाट बंद करण्यासाठीं अमेरिकन सरकारनें दहा तज्ज्ञांची समिति नेमली. नियुक्तीपूर्वीं नांवांची यादी तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या संस्थेसहि दाखविण्यांत आली, आणि पूर्वीं या प्रश्नावर जाहीर मत दिलेला एकहि मनुष्य समितींत घेतला नाहीं. सभासदांपैकीं निम्मे स्वतः धूम्रपान करणारे होते. समितीनें सात हजारांवर लेख तपासले. ११ जानेवारी १९६४ रोजीं देशाचे सर्वोच्च आरोग्याधिकारी लूथर टेरी यांनीं तो अहवाल प्रसिद्ध केला. दिवस मुद्दाम शनिवारचा निवडला होता. त्या दिवशीं शेअरबाजार बंद असतो, आणि रविवारचीं वर्तमानपत्रें मात्र घरोघर वाचलीं जातात. सिगारेट हें फुफ्फुसाच्या कर्करोगाचें कारण आहे, असा निःसंदिग्ध निर्णय त्या अहवालानें दिला.

आतां आपण त्या ओळीपाशीं येऊन पोहोंचलों. अहवालानंतर व्यापारावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगानें असें ठरविलें कीं पाकिटावर आणि प्रत्येक जाहिरातींतहि धोक्याची सूचना असली पाहिजे. कंपन्यांनीं कायदेमंडळाकडे धांव घेतली. १९६५ सालीं कायदा झाला खरा, पण कसा? पाकिटाच्या कडेला एक ओळ छापावी, सिगारेट ओढणें आपल्या आरोग्यास अपायकारक असूं शकेल, एवढीच ती ओळ असावी, आणि जाहिरातींत मात्र सूचना घालण्याची सक्ति कोणीहि पुढील कांहीं वर्षें करूं नये, असा त्याचा आशय होता. १ जानेवारी १९६६ पासून ती ओळ छापली जाऊं लागली. तींतील “असूं शकेल” हे दोन शब्द ध्यानांत घ्या. अहवालानें जें निश्चित म्हणून सांगितलें तें ओळींत येतां येतां शक्यतेवर आलें. माझे आप्त ज्या ओळीला “स्पष्ट” म्हणाले, तिचा जन्म असा तडजोडींत झाला होता.

अशा वेळीं एका तरुण वकिलाला एक कल्पना सुचली. त्याचें नांव जॉन बॅन्झॅफ. वय अवघें सव्वीस. त्या काळीं अमेरिकेंत ध्वनिक्षेपणासंबंधीं असा दंडक होता कीं, वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नाची एक बाजू लोकांना ऐकविली तर दुसरीहि ऐकविली पाहिजे. बॅन्झॅफनें विचारलें: सिगारेटची जाहिरात ही देखील एक बाजूच नव्हे काय? धूम्रपान म्हणजे मर्दपणा, प्रतिष्ठा, आनंद, असें जी रात्रंदिवस सांगते, तिला कोणी उत्तर द्यावयास नको काय? १९६६ च्या डिसेंबरांत त्यानें न्यूयॉर्कच्या एका दूरचित्रवाणी केंद्रास पत्र लिहून उत्तरासाठीं मोफत वेळ मागितला. केंद्रानें नकार दिला. त्यानें सरकारी मंडळाकडे तक्रार केली, आणि २ जून १९६७ रोजीं मंडळानें त्याचें म्हणणें मान्य केलें. सिगारेटच्या जाहिराती दाखविणाऱ्या प्रत्येक केंद्रानें विरुद्ध बाजूसहि पुरेसा वेळ विनामूल्य द्यावा असें ठरलें. सुमारें तीन जाहिरातींस एक उत्तर, असें ढोबळ प्रमाण पडलें. पुढें १९६८ सालीं वरिष्ठ न्यायालयानेंहि हा निर्णय उचलून धरला.

त्या उत्तरांपैकीं दोन विशेष सांगण्यासारखीं आहेत. पहिलें बोलकें कमी आणि दाखवितें अधिक. बाप घराला रंग लावतो. चिमुकला मुलगा शेजारीं तसाच कुंचला फिरवितो. बाप मोटार धुतो, मुलगाहि धुतो. बाप फिरावयास निघतो. मुलगा त्याच्या पावलावर पाऊल टाकतो. शेवटीं दोघे झाडाखालीं बसतात. बाप सिगारेट पेटवून पाकीट बाजूला ठेवतो, आणि मुलगा तें पाकीट उचलून निरखूं लागतो. बस्स, इतकेंच. कर्करोगाचें नांव नाहीं, भीति नाहीं, शिव्याशाप नाहींत.

दुसरें उत्तर विल्यम टॉलमन या नटाचें. एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेंत तो सरकारी वकिलाची भूमिका करीत असे. नायक बचावाचा वकील असल्यामुळें बिचारा सरकारी वकील बहुतेक प्रत्येक खटला हरत असे, आणि सारा देश त्याच्या पराभवास हंसत असे. टॉलमनला फुफ्फुसाचा कर्करोग झाला. १९६८ च्या उन्हाळ्यांत त्यानें आपल्या घरीं, बायकामुलांसमवेत, अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठीं एक छोटें निवेदन चित्रित करविलें. न्यायालयांतील त्या खोट्या लढाया हरण्याचें मला दुःख नव्हतें, परंतु आतां जी लढाई चालू आहे ती मला हरावयाची नाहीं, असा त्याचा आशय होता. तो ३० ऑगस्ट १९६८ रोजीं वारला. निवेदन लोकांनीं पाहिलें तें त्याच्या मृत्यूनंतर.

या जाहिरातींचें फळ काय मिळालें? अमेरिकेंत १९६७ सालीं दर प्रौढ माणशीं वर्षाला सुमारें ४,२८० सिगारेटी ओढल्या जात. १९७० सालापर्यंत हा आंकडा चार हजारांच्या खालीं आला. यांतील सारा वांटा जाहिरातींचाच होता असें कोणी म्हणणार नाहीं. पण कंपन्यांनीं काय ओळखलें तें त्यांच्या पुढील कृतीवरून दिसतें. १९६९ सालीं त्यांनीं आपण होऊनच दूरचित्रवाणीवरील व नभोवाणीवरील जाहिराती मागें घेण्याची तयारी दाखविली. कायदा झाला, आणि २ जानेवारी १९७१ पासून ध्वनिक्षेपणांतून सिगारेटची जाहिरात कायमची गेली. लोकांनीं विजय मानला. परंतु एक बाजू नाहींशी झाली तेव्हां दुसऱ्या बाजूचा मोफत वेळाचा हक्कहि संपला. त्या बापलेकांचें चित्र आतां क्वचितच दिसूं लागलें. पुढील दोन-तीन वर्षांत दरमाणशी खप पुन्हां चार हजारांवर गेला. बंदी योग्यच होती, असें माझें मत आहे. पण असत्याचें तोंड बंद करणें आणि सत्याला वाचा देणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, हें त्या वेळीं विसरलें गेलें.

पाकिटावरील ओळ मात्र राहिली, आणि तिचा खरा उपयोग पुढें न्यायालयांत दिसला. न्यू जर्सी प्रांतांतील रोझ सिपोलोनी नांवाच्या बाईनें १९४२ सालीं, ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर, सिगारेट ओढावयास आरंभ केला. त्या वेळीं ओळ नव्हती. होत्या त्या केवळ जाहिराती. १९६६ सालीं ओळ आली तेव्हां तिच्या संवयीला चोवीस वर्षें झालीं होतीं. १९८३ सालीं तिनें कंपन्यांवर दावा लावला आणि १९८४ सालीं ती कर्करोगानें वारली. दावा तिच्या पतीनें पुढें चालविला. १९८८ सालीं पंचांनीं निर्णय दिला. त्यांनीं जबाबदारीची वांटणी शेंकड्यानें केली: बाईची ८०, कंपनीची २०. बाईचा वांटा निम्म्याहून अधिक म्हणून तिच्या स्वतःच्या नुकसानीबद्दल कांहीं मिळालें नाहीं. कंपनीनें जाहिरातींत दिलेलें सुरक्षिततेचें आश्वासन मोडलें म्हणून पतीला चार लक्ष डॉलर देवविण्यांत आले. तेहि अपिलांत टिकले नाहींत. १९९२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, १९६९ च्या कायद्याप्रमाणें ओळ छापली असतां, “आपल्या जाहिरातींत तुम्हीं याहून अधिक इशारा द्यावयास हवा होता” अशी तक्रार कंपनीविरुद्ध चालणार नाहीं. फसवणुकीच्या दाव्याला न्यायालयानें वाट ठेवली. परंतु त्या कुटुंबाचें बळ सरलें होतें, आणि त्यानें दावा सोडून दिला. गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठीं निघालेली ओळ ही अशी विक्रेत्याची ढाल झाली. तेराव्याच्या दिवशीं माझे आप्त जें बोलले तें नकळत याच निकालाचें मराठी भाषांतर होतें.

यानंतरची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. १९९८ सालीं एका मोठ्या सिगारेट-कंपनीनें स्वतःच्या पैशानें मुलांसाठीं धूम्रपानविरोधी जाहिराती सुरू केल्या. “विचार कर, सिगारेट ओढूं नकोस,” असा त्यांचा सूर होता. सारा भर मुलाच्या विवेकावर. सिगारेट कोण बनवितो आणि कां विकतो याविषयीं अवाक्षर नाहीं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ४६ राज्यांनीं कंपन्यांशीं मोठा तह केला, आणि त्या पैशांतून २००० सालीं “सत्य” या अर्थाचें नांव घेतलेली दुसरी मोहीम उभी राहिली. तिच्या एका चित्रांत तरुण मुलें न्यूयॉर्कमधील एका सिगारेट-कंपनीच्या कचेरीसमोर प्रेतें ठेवण्याच्या बाराशें पिशव्या आणून रचतात. त्या देशांत तंबाखूनें रोज तितकीं माणसें मरत असत. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, दुसरी मोहीम पाहिलेल्या मुलांत तंबाखूविषयीं प्रतिकूल मत वाढलें, तर कंपनीच्या “विचार कर” या जाहिराती पाहिलेल्या मुलांत पुढें सिगारेट ओढण्याची इच्छा उलट किंचित् अधिक दिसली.

याचें नवल वाटावयास नको. केवळ “निवड तुझी आहे” असें ज्याला सांगितलें जातें, त्याला निवडीचा अभिमान चढतो. परंतु “तुझी निवड कोणी तरी आधींच ठरवून ठेवूं पाहत आहे” असें ज्याला दिसतें, त्याचा स्वाभिमान जागा होतो. बापलेकांचें तें जुनें चित्र आठवा. त्यांत बापाला दोष दिलेला नाहीं. त्याच्या जबाबदारीचा आवांका मात्र दाखविला आहे. “तुझें फुफ्फुस तुझें,” एवढ्यावर तें थांबत नाहीं. तुझ्या शेजारीं कोण बसलें आहे तें पहा, असें तें म्हणतें.

शेवटीं या इतिहासाचें एक वर्तुळ पुरें झालें. १७ ऑगस्ट २००६ रोजीं न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनीं सोळाशेंहून अधिक पानांच्या निकालपत्रांत असें नमूद केलें कीं, कंपन्यांनीं सिगारेटचे दुष्परिणाम आणि तिचें व्यसनकारी स्वरूप यांविषयीं अनेक दशकें लोकांची फसवणूक केली. कंपन्यांनीं खऱ्या गोष्टी स्वतःच्या खर्चानें जाहीर कराव्यात, असा हुकूम झाला. शब्दाशब्दांवरून अपिलें चालण्यांत अकरा वर्षें गेलीं. अखेर २०१७ च्या नोव्हेंबरांत वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून तीं निवेदनें येऊं लागलीं: धूम्रपान मारतें, तें व्यसन लावतें, आणि सिगारेटची रचना तें व्यसन टिकावें अशाच हेतूनें केली होती. १९५४ च्या पानभर निवेदनाला १९६४ चा अहवाल हें शास्त्राचें उत्तर होतें. कंपन्यांच्याच तोंडून उत्तर यावयास मात्र ६३ वर्षें लागलीं.

आतां घराकडे वळूं. आपल्या देशांत ही ओळ १९७५ च्या कायद्यानें आली. दादांनीं पहिली सिगारेट ओढली ती कॉलेजांत असतांना, १९६२ सालीं. म्हणजे ओळ त्यांच्यापर्यंत पोहोंचली तेव्हां संवय तेरा वर्षांची झाली होती. पुढें २००३ सालीं अधिक कडक कायदा झाला, आणि ३१ मे २००९ पासून पाकिटांवर शब्दांच्या जोडीस चित्रें आलीं. २०१२ पासून चित्रपटगृहांत खेळापूर्वीं एका तरुणाची हकीकत दाखविली जाऊं लागली. तो आपल्या महाराष्ट्राचाच. गुटख्यानें त्याला तोंडाचा कर्करोग झाला, आणि परळच्या टाटा स्मारक रुग्णालयांत वयाच्या चोविसाव्या वर्षीं तो वारला. टॉलमनप्रमाणें तोहि मृत्यूनंतर बोलत राहिला. पुढें थट्टेखोर तरुणांनीं त्याच्या नांवाचे विनोद केले, हें आपणांस ठाऊक आहे. परंतु हंसणाऱ्यांना तें नांव तोंडपाठ आहे, हीहि त्या मुलानें मिळविलेली एक जागा आहे.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत प्रौढांपैकीं शेंकडा ३.८ माणसें धूम्रपान करीत होतीं, तर धूर न काढतां तंबाखू सेवन करणारीं शेंकडा २४.४ होतीं. आपला शत्रु धुरापेक्षां चंचींत, पुडींत आणि मशेरीच्या डबींत अधिक आहे. घरीं भाजून केलेल्या मशेरीवर कोणती ओळ छापणार? तेथें इशारा घरच्या माणसानेंच द्यावयास हवा.

तेव्हां त्या वृद्ध गृहस्थांना आज मी काय उत्तर देईन? दादांची जबाबदारी नव्हती, असें मी म्हणणार नाहीं. ते शहाणे होते, वाचणारे होते; त्यांची जबाबदारी काढून घेणें म्हणजे त्यांना अजाण ठरविणें होय, आणि तो त्यांचा अपमान होईल. परंतु जबाबदारी ही कांहीं वडिलार्जित शेत नव्हे, कीं एकाचा वांटा वाढला म्हणजे दुसऱ्याचा तितका कमी व्हावा. न्यू जर्सीच्या पंचांनीं ८० आणि २० अशी वांटणी केली, कारण न्यायालयाला बेरीज शंभरच करावी लागते. सदसद्विवेकाला तें बंधन नाहीं. ओढणाऱ्याची जबाबदारी पुरती, आणि जाणूनबुजून सत्य लपविणाऱ्याचीहि पुरती. एकीनें दुसरी फिटत नाहीं.

आणि तिसरीहि एक आहे. मी दहा वर्षांचा असल्यापासून कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून दादांसाठीं सिगारेटचें पाकीट मीच आणून देत असें. सुट्या पैशांतून उरलेला आणा मला मिळे. मोठेपणीं ती ओळ मींहि वाचली होती. पण “दादा, आतां पुरे,” एवढे तीन शब्द माझ्या तोंडून कधीं निघाले नाहींत. वडील भावाला सांगावें कसें, या संकोचांत पस्तीस वर्षें गेलीं. ज्या घरीं आज कोणी कोणासाठीं असें पाकीट किंवा पुडी आणावयास निघालें असेल, त्या घरच्या माणसांनीं ते तीन शब्द आजच बोलून पाहावेत. पाकिटावर लिहिलेलें असतें हें खरें. पण घरांतलें माणूस बोललें तर तें कदाचित् अधिक ऐकूं येईल.